पुरावा, संहिता आणि मौन : महाराज लायबल खटल्याचे पुनर्वाचन

एकोणिसाव्या शतकातील पश्चिम भारताच्या धर्मसुधारणेचा इतिहास लिहिताना १८६२ सालच्या ‘महाराज लायबल केस’चा उल्लेख टाळता येत नाही, मात्र तो बहुधा निकालापुरताच येतो. सुधारक जिंकले, धर्मगुरू हरले, एवढ्यावर खटला संपतो. गेल्या काही दशकांतील अभ्यासाने ही विजयकथा मोडून काढली, आणि ते आवश्यकही होते. परंतु ती मोडताना एक वेगळी गफलत संभवते. न्यायालयाने धर्माचा अर्थ चुकीचा लावला, म्हणून त्याच्यासमोर आलेला आचरणाविषयीचा पुरावाही बाद ठरतो, असे नकळत गृहीत धरले जाते. धर्माचा अर्थ आणि व्यक्तीचे आचरण या दोन्हींचा विचार एकाच निकालपत्रात झाला असला, तरी त्यांची प्रमाणे एका जातीची नाहीत.

खटल्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पुष्टिमार्गी वैष्णवांचे गुरू, म्हणजे वल्लभाचार्यांचे वंशज, ‘महाराज’ म्हणून ओळखले जात. त्यांपैकी सुरतेचे जदुनाथजी १८६० मध्ये मुंबईस आले. विधवाविवाहाच्या प्रश्नावर कवी नर्मद यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी, हिंदूंचा मूळ धर्म आणि हल्लीची पाखंडी मते अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख प्रसिद्ध केला. महाराज अनुयायांच्या बायका-मुलींशी व्यभिचार करतात, हा त्यातील मुख्य आरोप होता; आणि जदुनाथजींना उद्देशून त्यात थेट आवाहन होते. करसनदास स्वतः याच संप्रदायात जन्मलेले होते. मे १८६१ मध्ये जदुनाथजींनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. करसनदासांच्या बचावातील प्रमुख मुद्दा असा, की छापलेला मजकूर सत्य आहे. त्यामुळे बेअब्रूचा दावा गुरूच्या चारित्र्याची चौकशी होऊन बसला.

बचावाने मांडलेला पुरावा दोन प्रकारचा होता. पहिला संहितेचा. वल्लभाचार्यांच्या ‘सिद्धान्तरहस्या’वरील गोकुलनाथांच्या नावाने चालत आलेल्या टीकेत, उपभोगापूर्वी सर्व वस्तूंचे, पत्नी-पुत्रांसह, समर्पण करावे असा विचार येतो. हे समर्पण गुरूला करावयाचे आणि ते शरीराचे, असा अर्थ लेखात लावलेला होता. ते श्रीकृष्णाला करावयाचे, असे वादीचे म्हणणे होते. येथे न्यायालयाला वाचकाची भूमिका घ्यावी लागली. डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनरी पंडिताची साक्ष झाली. जे प्राचीन ते शुद्ध आणि जे अर्वाचीन ते भ्रष्ट, हे प्राच्यविद्येचे तत्कालीन गृहीतकृत्य पायाशी होते. गोपीभावाची रूपकभाषा या चौकटीत आचारसंहितेसारखी वाचली गेली. डेव्हिड हॅबरमन यांनी १९९३ मधील आपल्या निबंधात या वाचनावर आक्षेप घेतला, तर अमृता शोधन यांनी २००१ मधील ग्रंथात, वसाहतकालीन कायद्याने धार्मिक समूहांना कसे घडवले हे दाखवले. एवढे निश्चित म्हणता येते, की भक्तिपर संहितेतून गुरूच्या वर्तनाचा पुरावा निघत नाही. संहिता आज्ञा देते असे सिद्ध झाले, तरी ती पाळली गेली हे सिद्ध होत नाही. आणि ती आज्ञा देत नसली, तरी तिच्या नावाने काय घडले हा प्रश्न उरतोच.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष साक्षींचा, आणि खरा भार येथेच आहे. डॉ. भाऊ दाजी लाड आणि धीरजराम दलपतराम या दोन वैद्यकीय व्यावसायिकांनी जदुनाथजींच्या गुप्तरोगाविषयी साक्ष दिली. वादीने शपथेवर ती नाकारली. लखमीदास खिमजी, मथुरादास लवजी यांसारख्या, संप्रदायातच वाढलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी महाराजांच्या वर्तनाविषयी सांगितले. या साक्षींचे मूल्य गोकुलनाथांच्या टीकेच्या अर्थावर अवलंबून नाही. उद्या ती टीका पूर्णपणे आध्यात्मिक आहे असे निर्विवाद ठरले, तरी वैद्यांच्या साक्षीतील एक शब्दही त्यामुळे हलत नाही.

अर्थात या साक्षीही निखळ नव्हेत. भाऊ दाजी सुधारक वर्तुळातील अग्रणी. भाटिया साक्षीदार करसनदासांचे सहकारी. साक्षीदार पक्षपाती होते, हा आक्षेप म्हणून गैरलागू नाही. परंतु पक्षपात ही पुराव्याची परीक्षा अधिक कसून घेण्याची सूचना असते. तो पुरावा रद्द करण्याचे कारण नसते. कोणत्याही गुरूविरुद्ध साक्ष देणारा मनुष्य त्या क्षणापासून विरोधकच ठरतो. मग विरोधकाची साक्ष अग्राह्य मानली, तर गुरूविरुद्ध ग्राह्य साक्ष तत्त्वतःच अशक्य होते.

मौनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. खटला उभा राहण्यापूर्वी भाटिया जातीतील प्रमुखांनी सभा घेऊन, महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याचा ठराव केला. करसनदासांनी त्यावर फौजदारी कारवाई केली, आणि १८६१ च्या अखेरीस ‘भाटिया कटाच्या खटल्या’त या मंडळींना दंड झाला. याचा अर्थ असा, की या दप्तरातील मौन आपोआप पडलेले नाही. ते पाडण्याचा प्रयत्न झाल्याचीही नोंद त्याच दप्तरात आहे. ‘अमुक कोणी पुढे आले नाही’ या वाक्याला एरवी जे वजन देता आले असते, ते येथे देता येत नाही. मात्र याच न्यायाने मौनातून आरोपाची पुष्टीही काढता येणार नाही. जे बोलले गेले नाही, त्याचा आशय इतिहासकाराने ठरवू नये; ते का बोलले गेले नाही, एवढेच सांगावे.

सर्वांत मोठे मौन स्त्रियांचे. ज्यांच्या देहाविषयी हा सारा वाद होता, त्यांपैकी एकही स्त्री साक्षीसाठी उभी राहिली नाही. त्यांच्याविषयी बोलले ते वैद्य, व्यापारी, कवी, मिशनरी आणि गुरू. तेही गुजरातीतून इंग्रजीत उतरून नोंदलेल्या शब्दांत. त्या बळी होत्या, श्रद्धेने गेल्या, की कुटुंबाने धाडल्या, हे या नोंदीतून सांगता येत नाही. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘महाराज’ या चित्रपटाने ही पोकळी नायकाच्या वाग्दत्त वधूच्या कल्पित कथेने भरली. ललित कृतीला ते स्वातंत्र्य आहे. पण कल्पित स्त्रीचा आवाज ऐकू आल्यामुळे खऱ्या स्त्रियांचे मौन संपल्याचा जो भास होतो, तो इतिहासाला परवडणारा नाही.

२२ एप्रिल १८६२ चा निकाल या गुंतागुंतीला साजेसा आहे. सर मॅथ्यू सॉसे आणि सर जोसेफ आर्नोल्ड या न्यायाधीशांनी मजकूर सत्य असल्याचा बचाव मान्य केला, आणि खर्चापोटी करसनदासांना साडेअकरा हजार रुपये मिळाले. तरीही तांत्रिक मुद्द्यावर वादीला पाच रुपये नाममात्र भरपाई देण्यात आली. आर्नोल्ड यांनी, नीतीच्या दृष्टीने जे अनुचित ते धर्मशास्त्राच्या आधारे उचित ठरू शकत नाही, अशा आशयाचे जे सूत्र मांडले, ते पुढे अतोनात गाजले. परंतु त्या सूत्राची या पुराव्याला गरज नव्हती. शपथेवर दिलेला नकार आणि दोन वैद्यांची साक्ष यांतील विरोध सोडवण्यासाठी हिंदू धर्माचे मूळ स्वरूप ठरवणे आवश्यक नव्हते.

म्हणून या खटल्याचे पुनर्वाचन करताना तीन विधाने वेगळी ठेवावी लागतात. जदुनाथजींच्या वर्तनाविषयीचा निष्कर्ष साक्षींवर उभा आहे, आणि दिवाणी दाव्याला पुरेल इतका भक्कम आहे. पुष्टिमार्गाच्या तत्त्वज्ञानाविषयीचा निष्कर्ष एका विशिष्ट काळाच्या वाचनपद्धतीवर उभा आहे, आणि तो टिकत नाही. स्त्रियांच्या अनुभवाविषयी निष्कर्षच काढता येत नाही. पहिल्याच्या बळावर दुसरा खरा मानणे ही सुधारकी इतिहासलेखनाची चूक होती. दुसरा खोटा ठरला म्हणून पहिलाही सोडून देणे ही वसाहतवादाच्या चिकित्सेची चूक ठरेल. आणि तिची किंमत पुन्हा त्यांनाच मोजावी लागेल, ज्यांना १८६२ मध्येही कोणी काही विचारले नव्हते.