लाखोरी: एका बदनाम डाळीची हकीकत

दिवाळीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांध्या पिवळ्या दिसू लागतात. हलका धान कापणीला आलेला असतो, भारी धान अजून लोंब्यांच्या भाराने वाकत असतो. अशा वेळी उभ्या पिकातच, पायाखालची ओल जिवंत असताना, शेतकरी मूठमूठ बी फेकीत चालतो. नांगर नाही, खत नाही, पाणी तर नाहीच. धान कापला की खुंटांमधून हिरवे कोंभ वर येतात, मातीत मुरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या दवावर वाढतात, बहुधा निळी फुले धरतात आणि उन्हे तापण्याच्या आत शेंगा हाती देतात. ही लाखोरी. कोणी तिला लाख म्हणतात, कोणी लाखोळी. उत्तरेकडे तीच खेसारी किंवा तेवडा. कोवळी असताना पाल्याची भाजी, पुढे डाळ, आणि उरलेले कुटार बैलांना. डाळीत शेकडा पंचवीसहून अधिक प्रथिने. गरिबाच्या घरात याहून गुणी वस्तू कोणती असावी?

आणि हिच्याच विक्रीवर १९६१ साली बंदी आली. दिवाळीच्या बेसनात काही भेसळ तर नाही ना, अशी शंका ज्या गृहिणीला येते, तिने ह्या डाळीचे नाव नक्की ऐकलेले असते. तुरीच्या डाळीत आणि बेसनात चोरून मिसळली जाणारी म्हणूनच शहराने तिला ओळखले. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला मात्र ती रोजच्या ताटातली. एकाच डाळीची ही दोन रूपे कशी झाली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

लाखोरीचा दोष आपल्या वैद्यांना ठाऊक नव्हता असे नाही. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाशा’त ‘त्रिपुटा’ नावाच्या धान्याने माणूस लंगडा-पांगळा होतो, असे नोंदवून ठेवले आहे. युरोपात वुर्टेंबर्गच्या ड्यूकने १६७१ साली हिच्या पिठाची भाकरी करण्यास मनाई केली होती. परंतु आपल्याकडील सर्वांत बोलका दाखला सागर प्रांतातला आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून सर्वांना माहीत असलेला स्लीमन हा तिथला अधिकारी. त्याने लिहून ठेवले आहे की १८२९ साली गारपिटीने गहू गेला, पुढच्या वर्षी पाऊस तुटला, त्यापुढच्या वर्षी तांबेरा पडला. तीन वर्षे गव्हाचा दाणा नाही; तग धरली ती एकट्या तेवड्याने. लोक तेच खाऊन जगले. आणि १८३३ च्या सुमारास तरण्याताठ्या माणसांचे कमरेखालचे अंग एकाएकी निकामी होऊ लागले. पुढे १८६१ साली मध्य प्रांत बनला तेव्हा सागर आणि भंडारा एकाच कारभाराखाली आले.

ह्या रोगाची तऱ्हा चमत्कारिक आहे. ताप नाही, फारशी वेदना नाही, बुद्धीला धक्का नाही. माणूस रात्री धड झोपतो आणि सकाळी पाय ताठलेले आढळतात. मग पोटऱ्या आवळतात, गुडघे एकमेकांवर घासतात, चालताना पाय कात्रीसारखे आडवे पडतात. प्रथम एक काठी, मग दोन, आणि शेवटी हातांवर सरकणे. रोगी बहुधा तरुण, कामकरी पुरुष. मरत नाही, बराही होत नाही. इटलीतील कांतानी ह्या वैद्याने १८७३ साली वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून रोगाला ‘लॅथिरिझम’ असे नाव दिले.

विष नेमके कोणते, हे कळायला १९६४ साल उजाडावे लागले. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि शर्मा ह्यांनी बियांतून एक अमिनो आम्ल वेगळे केले. संक्षेपाने त्याला ‘ओडॅप’ म्हणतात. आपल्या मज्जातंतूंत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप पोचविणारे ग्लुटामेट म्हणून द्रव्य असते. हे विष त्याचे सोंग घेते. खोट्या निरोपांनी पेशी इतकी चेतवली जाते की अखेर ती मरते. गंमत अशी, की हेच द्रव्य चिनी औषधांतील सानची नावाच्या मुळीत सापडते, आणि तिथे ती मुळी रक्तस्राव थांबविण्यासाठी नामांकित आहे! एका गावचे विष ते दुसऱ्या गावचे औषध. शिवाय दाण्यातले विषाचे प्रमाण जमिनीप्रमाणेही बदलते. अवर्षणात ते वाढते, मातीत जस्त कमी असले तरी वाढते. म्हणजे ज्या वर्षी दुसरे काही पिकत नाही, त्याच वर्षी ही डाळ अधिक विषारी होते.

पण विष सापडले म्हणून कोडे सुटले नाही. लाखोरी खाणारे लाखो लोक पिढ्यान्पिढ्या ताठ चालत आले, ते कसे? भात, भाजी, इतर डाळी ह्यांबरोबर वाटीभर वरण खाणाऱ्याचे सहसा काही बिघडत नाही. रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोरीच असेल आणि असे दोन-चार महिने चालले, तर धोका. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले की विषाचा मोठा भाग निघून जातो. मात्र पाणी आणि सरपण ही दोन्ही दुष्काळात कुठून आणायची?

म्हणूनच मला ह्या इतिहासातला खरा धडधडीत पुरावा प्रयोगशाळेतला वाटत नाही, रीवा येथला वाटतो. तिथे डॉ. द्विवेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या दशकात गावोगाव पाहणी केली. पांगळे झालेले बरेचसे शेतावरचे बांधील मजूर होते. त्यांना मजुरी पैशांत मिळत नसे, खेसारीच्या दाण्यांत मिळत असे. मालकाच्या घरात गहू, मजुराच्या पदरात खेसारी. तिकडे दूर युक्रेनातील व्हाप्नियार्का छावणीत १९४२ च्या अखेरीस रुमानियन ज्यू कैद्यांना हेच दाणे शिजवून घातले गेले, आणि थोड्याच महिन्यांत शेकडो जण अधू झाले. कैद्यांतल्याच डॉ. केसलर ह्यांनी रोग ओळखला. मजूर काय किंवा कैदी काय, दुसरे ताट निवडण्याची मुभा कोणालाच नव्हती.

१९६१ ची बंदी दाण्यावर आली, मजुरीच्या त्या रीतीवर नव्हे. वेठबिगारीविरुद्धचा कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७६ साली झाला. बंदी घालणारे दुष्ट नव्हते. समोर पांगळी माणसे दिसत असताना डॉक्टरने आणखी काय सुचवावे? पण भंडाऱ्यात त्याचा परिणाम असा झाला की लाखोरी पिकतच राहिली, फक्त तिला उजळ माथ्याने बाजार राहिला नाही. भाव पडला तो पिकवणाऱ्याचा. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षे ह्याच मुद्द्यावर लढले आणि २००८ साली महाराष्ट्राने आपली बंदी उठविली. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र मनाई पुन्हा लिहिली गेली.

दरम्यान शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली होती. दिल्लीत ‘रतन’ आणि रायपुरात ‘प्रतीक’ व ‘महातेवडा’ अशा अत्यल्प विषाच्या जाती तयार झाल्या, आणि २०१६ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी ह्या तिन्हींना अनुकूल मत दिले. आता अडचण उरते ती शेतातली. लाखोरीच्या निळ्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि त्यांना शेजाऱ्याची बांधी कोणती ते कळत नाही. एकाने नवे बी पेरले आणि बाजूला जुनीच लाखोरी फुलली, तर काही हंगामांत दोन्हींची मिसळ होते. आणि दाणा हातात घेऊन पाहिले तर त्यात विष कमी की जास्त, हे ओळखता येत नाही. बी दरवर्षी बाहेरून आणावे तर पैसा लागतो. ज्या पिकाला आजवर नांगरसुद्धा लागला नाही, त्याच्यासाठी बियाणे विकत घ्यायचे, ही कल्पना धानवाल्याच्या गळी उतरणे कठीण आहे. तो कोठीत राखून ठेवलेले बीच काढतो आणि ओल सुकायच्या आत बांधीत उतरतो.