मागची चाके कुठे पाहतात? अपघातानंतरच्या मागील सस्पेन्शन दुरुस्तीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकावर एक वळणारा टेम्पो आदळला. गॅरेजमध्ये बंपर बदलला, चाकावरचा पत्रा ठोकून सरळ केला, रंग मारला आणि आठवड्याने गाडी चकाचक होऊन हातात आली. फक्त सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे कललेले राहत होते. अलाइनमेंटवाल्याने पुढच्या टायरॉडची लांबी बदलून स्टिअरिंग सरळ करून दिले. काही हजार किलोमीटरनंतर मागच्या डाव्या टायरवरून हात फिरवला, तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले. दुरुस्ती झालीच नव्हती, फक्त दिसेनाशी झाली होती.

ऑटोमोबाइलच्या अभ्यासक्रमात सस्पेन्शनची रचना शिकवली जाते, पण ते वाकल्यावर लोकांनी काय केले हे सहसा शिकवले जात नाही. या पाठात आपण तेच पाहू. त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. गाडी पुढची चाके वळवून चालवली जात असली, तरी सरळ जाताना ती मागची चाके जिकडे पाहतात तिकडे जाते. मागच्या दोन चाकांच्या दिशांचा मध्य काढला की गाडीची खरी चालरेषा मिळते. ही रेषा आणि गाडीची मध्यरेषा यांतील कोनाला थ्रस्ट अँगल म्हणतात. मागील दुरुस्तीचा सगळा इतिहास म्हणजे हा कोन शून्यावर आणण्याचा, आणि त्याआधी तो शून्यावर नाही हे ओळखण्याचा इतिहास आहे.

सुरुवात पाट्यांपासून करू. इंग्लंडमध्ये ओबडाया इलियट याने 1804 साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले, आणि मोटारीने पाटे घोडागाडीकडूनच उचलले. आपल्याकडे उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बॅसडर 1950च्या दशकाच्या अखेरीपासून 2014पर्यंत बनत राहिली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट 1100 आणि पुढे पद्मिनी या नावाने तीच गाडी बाहेर पडली. दोन्हींना मागे सलग ॲक्सल आणि पाटे होते. पाट्यांच्या थप्पीतून जाणारा सेंटर बोल्ट ॲक्सलवरच्या खाचेत बसतो आणि यू-बोल्ट सगळे आवळून धरतात. ॲक्सलची जागा या बोटभर जाडीच्या बोल्टाने ठरते.

धडक बसली की बहुधा हाच बोल्ट तुटे आणि ॲक्सल एका बाजूने मागे सरके. मेकॅनिक पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंना सुतळी धरी, फरक पाही, यू-बोल्ट सैल करी, नवा सेंटर बोल्ट टाकी आणि पुन्हा आवळी. कमान उतरलेले पाटे लोहाराकडे ठोकून येत. ॲक्सलची नळीच वाकली असेल तर ती प्रेसवर जाई. जमीन सपाट असेल तर सुतळी, खडू आणि ओळंबा एवढ्यावर काम भागे. या पद्धतीला अडाणी म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. सलग ॲक्सलच्या गाडीसाठी ते मापन पुरेसे होते.

का पुरेसे होते, ते आकड्यांत पाहा. दोन चाकांतील अंतर 1300 मिलिमीटर आहे आणि ॲक्सलचे एक टोक 6 मिलिमीटर मागे गेले आहे असे धरा. 6 भागिले 1300 म्हणजे 0.0046 रेडियन, सुमारे 0.26 अंश. 2.4 मीटर व्हीलबेसवर मागची चाके पुढच्यांच्या मागावरून सुमारे 11 मिलिमीटर बाजूला पडतील. स्टिअरिंगचे गुणोत्तर 16 धरले तर स्टिअरिंग सुमारे 4 अंश कललेले दिसेल. गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालेल, पण टायर फारसे घासणार नाहीत, कारण दोन्ही मागची चाके एकमेकांना समांतरच आहेत. महामार्गावर तिरका चालणारा ट्रक तुम्ही पाहिला असेल. तो असा वर्षानुवर्षे चालू शकतो.

आता तेच 0.26 अंश फक्त एका चाकात आले आहेत असे धरा. मग दोन चाके दोन दिशांना ओढतात आणि दर किलोमीटरला दोन्ही टायरांच्या वाट्याला मिळून साडेचार मीटर आडवे घासणे येते. माझ्या गाडीचे हेच झाले होते.

हा बदल ट्विस्ट बीममुळे आला. 1974 साली फोक्सवॅगनने गोल्फ आणि सिरॉको या गाड्यांना मागे दोन आर्म आणि त्यांना जोडणारा, पिळला जाऊ शकणारा आडवा बीम दिला. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद दिल्यावर मागे डिफरन्शियल उरत नाही, त्यामुळे ही हलकी, स्वस्त आणि कमी जागा घेणारी रचना शक्य झाली. लहान गाड्यांच्या जगाने ती उचलली. आपल्याकडे 2005च्या स्विफ्टमध्ये ती होती आणि आज बहुतेक लहान गाड्यांत आहे. त्यात चाकाचा कोन कारखान्यातच वेल्डिंगने आणि मशीनने ठरतो. फिरवून जुळवण्यासाठी सहसा बोल्टच नसतो. सेंटर बोल्ट बदलणाऱ्या मेकॅनिकच्या हातात आता बदलण्यासारखे काही राहिले नाही.

दुसरा धागा बॉडीचा. लॅन्सियाची लॅम्बडा 1922 साली आणि सिट्रोएनची ट्रॅक्शन अव्हाँ 1934 साली वेगळ्या चासीशिवाय आली. बॉडी हाच सांगाडा. अॅम्बॅसडर आणि पद्मिनीही याच जातीच्या होत्या, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे केवळ बॉडी एकसंध झाल्याने दुरुस्ती अवघड झाली नाही. पाट्यांमुळे ॲक्सल अजून वेगळा काढता येत होता. एकसंध बॉडी आणि न जुळवता येणारा बीम एकत्र आले, तेव्हा खरी अडचण झाली.

त्यात मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांची कल्पना मिसळली. गाडीची पुढची-मागची टोके चुरगळली पाहिजेत आणि माणसांची केबिन टिकली पाहिजे, हे तत्त्व 1959च्या मर्सिडीजमध्ये प्रत्यक्षात आले. मागच्या ज्या लांब रेलने धडकेची ऊर्जा खायची, तिच्याच पुढच्या भागात किंवा तिच्यालगत सस्पेन्शन बसते. माणूस वाचावा म्हणून जी रेल वाकायची, तिच्याच शेजारच्या छिद्रांनी मिलिमीटरभरही हलायचे नाही, अशी ही मागणी आहे. मला तरी मागील अपघाताच्या दुरुस्तीतला सगळ्यात अवघड भाग हाच वाटतो.

अमेरिकेत 1973च्या तेलसंकटानंतर कंपन्या मोठ्या चासीच्या गाड्यांकडून हलक्या, एकसंध बॉडीच्या गाड्यांकडे वळल्या. साखळीने चासी ओढून सरळ करणाऱ्या कारागिरांना नवी गाडी दुरुस्त करता येईना. म्हणून तिथे विमा कंपन्या, वाहन उत्पादक आणि दुरुस्तीवाले यांनी मिळून 1979 साली आय-कार ही प्रशिक्षण संस्था काढली. युरोपात फ्रान्सच्या सेलेटसारख्या कंपन्यांचे बेंच रुळले होते. लोखंडी चौकटीवर प्रत्येक मॉडेलसाठी ठरलेले खुंट उभारायचे आणि बॉडीची छिद्रे त्यांवर बसतात का ते पाहायचे. बसली नाहीत तर बसेपर्यंत ओढायचे. पुढे लेझर आणि कॅमेरे आले, पण मूळ प्रश्न सुतळीचाच होता: हा बिंदू जिथे असायला हवा तिथे आहे का?

भारतात हे टप्पे एकामागून एक न येता एकदम येऊन पडले. 1995 साली पुण्यात मर्सिडीजची जोडणी सुरू झाली तेव्हा मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्या असलेली मल्टिलिंक रचना इथे आली. 1998च्या इंडिकाला मागे सेमी-ट्रेलिंग आर्म होते. आणि त्याच वेळी रस्त्यावर हजारो पद्मिनी टॅक्सी पाट्यांवर धावत होत्या. एकच डेंटर सकाळी पाटे आवळी आणि दुपारी बीमला गॅस मारून ठोकी. त्याला दोष देणे सोपे आहे. साध्या पोलादाला तापवून सरळ करण्याची त्याची विद्या खरी होती, पण हातातले पोलाद बदलले आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. 1984च्या साब 9000मध्ये दारांच्या आत गरम अवस्थेत साच्यात दाबून तिथेच थंड केलेले बोरॉन पोलाद आले आणि पुढे उच्च ताकदीचे पोलाद बॉडीभर पसरले. अशा पोलादाची ताकद त्याच्या उष्णताप्रक्रियेत असते. ज्योत लागली की ती उतरते, आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणूनच बहुतेक उत्पादक वाकलेला बीम सरळ न करता बदलायला सांगतात.

मल्टिलिंकमध्ये वेगळा धोका आहे. तिथे एखाद्या दांडीवर एक्सेंट्रिक बोल्ट असतो, त्यामुळे वाकलेली दांडी तशीच ठेवून कोन मात्र हिरव्या रेघेत आणता येतो.

उरतो पैशाचा भाग. आपल्या मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकापासून चालत आलेल्या नियमात रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयाने वाढतो: पहिले सहा महिने शून्य, चौथ्या वर्षात 25 टक्के, दहा वर्षांनंतर 50 टक्के. घसारामाफीची जादा पॉलिसी नसेल तर नवा बीम म्हणजे मालकाच्या खिशाला थेट चाट. ठोकून सरळ केलेला बीम त्याला स्वस्त पडतो आणि गॅरेजलाही सोयीचा. सर्व्हेअरलासुद्धा फोटोत चेपलेला पत्रा दिसतो, अंशाचा पाव भाग दिसत नाही.

माझ्या बाबतीत शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये चारही चाकांचे मोजमाप करून घेतले. छापील कागदावर मागच्या डाव्या चाकाचा आकडा लाल होता, उजव्याचा हिरवा. आधी रेलवरची छिद्रे कर्णांनी मोजली, दोन्ही कर्ण जुळले, म्हणजे बॉडी शाबूत होती. मग जुना बीम उतरवून नव्याशेजारी फरशीवर ठेवला. डाव्या चाकाचा हब जिथे बसतो त्या तबकडीवर पट्टी धरली, तर एका कडेला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. सर्व्हेअरने तो कागद पाहिला आणि बीम मंजूर केला. गाडी चौथ्या वर्षात होती, त्यामुळे बीमचे 25 टक्के आणि बुशांचे निम्मे पैसे मी भरले. टायर मात्र विम्यात बसला नाही, कारण तो टेम्पोने नव्हे, मधल्या हजारो किलोमीटरांनी झिजवला होता.