कोतवालीने केलेली नुकसानी : सास्तूरच्या बाजूने घटनेच्या तीनशेव्या कलमाचा विचार

भारतीय घटनेच्या तीनशेव्या कलमात एक लहानसा शब्दप्रयोग आहे. त्याकडे कायद्याच्या अभ्यासकांइतकेच इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही लक्ष द्यावयास हवे. सरकारवर दावा कोणत्या बाबतीत चालेल, याचे उत्तर त्या कलमाने सरळ दिलेले नाही. घटना झालीच नसती तर पूर्वीचे प्रांत आणि पूर्वीची 'तत्स्थानी' देशी संस्थाने यांच्यावर जसा दावा चालला असता, तसाच तो यापुढेही चालेल, एवढेच ते सांगते. विधिमंडळाने निराळा कायदा करीपर्यंत ही व्यवस्था राहावयाची आहे. म्हणजे १९५० नंतरच्या नागरिकाचा हक्क १९५० पूर्वीच्या राजवटीच्या इतिहासात शोधावयाचा. पोलिसांनी एखाद्या निरपराध माणसाचे घर मोडले, धान्य नासविले किंवा जप्त केलेला माल गहाळ केला, तर भरपाई कोणी द्यावयाची, या प्रश्नासाठी सोलापूरच्या माणसाने कंपनी सरकारचा इतिहास वाचावा, आणि सास्तूरच्या माणसाने निजामाचा.

सास्तूर हे गाव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. पूर्वी ते उमरगे तालुक्यात होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने ते महाराष्ट्रभर ठाऊक झाले. त्यापूर्वीचा त्याचा राजकीय प्रवास असा : १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, १९५० पासून हैदराबाद हे 'ब' वर्गाचे राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. बारा वर्षांत चार सरकारे झाली. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यात अपकृत्याच्या दायित्वाविषयी स्वतंत्र कलम घालावे लागले, आणि ज्या प्रदेशात दाव्याचे कारण घडले तो प्रदेश ज्या राज्याकडे गेला त्याने ते दायित्व वाहावे, असे ठरले, त्याचे कारण हेच.

ब्रिटिश मुलखातील सूत्र एका घोड्याच्या दुखापतीतून निघाले आहे. कलकत्त्यास खिदिरपूरच्या गोदीत सरकारी मजुरांच्या हातून लोखंडाचा एक अवजड तुकडा पडला, पी. अँड ओ. कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला, आणि साडेतीनशे रुपयांचा दावा उभा राहिला. १८६१ साली मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरले. परंतु त्याबरोबर सार्वभौम सत्तेची कृत्ये आणि इतर कृत्ये असा भेदही केला. गोदी चालविणे हे कोणीही खासगी माणूस करू शकतो, म्हणून तेथे दायित्व. सार्वभौम सत्तेवाचून जे करता येत नाही, तेथे नाही. कंपनी व्यापारीही होती व राज्यकर्तीही होती, यातून हा भेद सुचला. कंपनी गेली, व्यापार गेला, भेद मात्र राहिला.

आपल्याकडील जुनी रीत याहून निराळी होती. गावात चोरी झाली की रखवालदाराने माग काढावयाचा, माग शेजारच्या शिवेपर्यंत नेऊन त्या गावाच्या हवाली करावयाचा, आणि ज्या गावात माग थांबेल त्याने नुकसानी भरून द्यावयाची, अशी वहिवाट दख्खनमध्ये होती. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात तिची नोंद आहे. ही पद्धत गरीब गावांस जाचक होती, यात शंका नाही. पण जो रखवालीचे हक्क घेतो त्याने रखवाली चुकल्याचा भार उचलावा, हे तत्त्व तिच्यात स्पष्ट होते. १८६१ च्या पोलीस कायद्यात पुढे १८९५ साली दंगलीच्या नुकसानीविषयी जे कलम आले, त्यात भरपाई वसूल करावयाची ती पुन्हा रहिवाशांकडूनच! रखवाली सरकारकडे गेली आणि भार गावावरच राहिला.

आता निजामी मुलूख. तेथे पोलीस खात्यास 'कोतवाली' म्हणत, आणि ठाण्याचा अधिकारी 'अमीन' असे. निजाम हा सर्वसत्ताधीश असून त्याच्या फर्मानास कायद्याचे पूर्ण बळ होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये अमीर-उन्-निसा बेगम यांच्या खटल्यात म्हटले आहे. यावरून सास्तूरच्या रयतेस सरकारविरुद्ध कोणताच हक्क नव्हता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु राजाला हक्क नाकारता येत होता, एवढ्यावरून त्याने तो नाकारला होताच असे ठरत नाही. १९६२ च्या विद्यावती खटल्यात, उदेपूरच्या कलेक्टरच्या जीपखाली सापडून मेलेल्या माणसाच्या वारसांना भरपाई देताना, न्यायालयाने नेमके हेच पाहिले : पूर्वीचे संस्थानी राज्य जबाबदार नव्हते, असे राजस्थान सरकारला दाखविता आले नाही. हाच दृष्टिकोन लावावयाचा तर निजामी काळातील जबाबदारीचा अभाव दाखविण्याचे ओझे सरकारवर पडते, शेतकऱ्यावर नाही.

या प्रश्नाला खरी धार येते ती १९४८ मुळे. त्या वर्षी सीमेवरच्या गावांत रझाकारांनी जाळपोळ व लूट केली, आणि अनेक कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे निघून गेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापुराहून नळदुर्गमार्गे आत शिरली; पाच दिवसांत निजामाची फौज शरण आली. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची चौकशी त्याच वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत समितीने उस्मानाबादचा समावेश केला. लष्करातील व स्थानिक पोलिसांतील काही माणसे लुटीत सामील होती, असे तिने लिहिले, आणि पुष्कळ ठिकाणी लष्कराने व हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचविले, हेही लिहिले. तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

या मोहिमेस 'पोलीस अॅक्शन' म्हटले गेले, आणि मराठवाड्यात तो शब्द घराघरांत रुळला. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने या नावाकडे त्याचे लक्ष जाणे साहजिक आहे. रणगाडे घेऊन गेलेल्या फौजेस पोलीस म्हटले, यात केवळ सौम्यपणा नव्हता. हैदराबाद हे परराज्य नव्हे, असा दावा त्यात होता. पण त्याचा दुसरा अर्थ पाहावा. परक्या प्रजेविरुद्ध केलेले 'राजकृत्य' न्यायालयाच्या कक्षेबाहेर असते. आपल्याच प्रजेविरुद्ध राजकृत्य होऊ शकत नाही, हे जुने तत्त्व आहे. कारवाई पोलिसी म्हटली की राजकृत्याची ढाल गळून पडावयास हवी. मग निरपराधाचे घर मोडले त्याची भरपाई मागता येईल काय?

येथे कस्तुरीलाल रलियाराम जैन यांचा खटला आडवा येतो. २० सप्टेंबर १९४७ च्या मध्यरात्री अमृतसरच्या एका सराफी पेढीच्या भागीदारास मीरत येथे पोलिसांनी चोरीच्या संशयावरून अडविले. शंभरांहून अधिक तोळे सोने व बरीच चांदी कोतवालीत जमा झाली. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला, चांदी पुढे परत मिळाली; सोने मात्र हेड कॉन्स्टेबलने लांबविले आणि तो पाकिस्तानात निघून गेला. दाव्याची रक्कम अकरा हजारांवर होती. २९ सप्टेंबर १९६४ रोजी मुख्य न्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला : पोलिसांचा निष्काळजीपणा सिद्ध आहे, तथापि अटक, झडती व जप्ती हे सार्वभौम अधिकार असल्याने राज्य जबाबदार नाही. हा निकाल देताना न्यायालयास समाधान वाटत नव्हते, हे निकालपत्रातच दिसते. विधिमंडळाने कायदा करावा, असे त्यांनी सुचविले. विधी आयोगाने तर १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात ते सांगितले होते. १९६५ व १९६७ मध्ये विधेयके आली आणि दोन्ही मागे पडली.

म्हणजे सास्तूरच्या घरमालकास दोन्ही वाटा बंद. कारवाई लष्करी म्हणावी तर राजकृत्य, पोलिसी म्हणावी तर सार्वभौम अधिकार.

पुढे निकालाची धार काहीशी बोथट झाली. पोलिसांच्या ताब्यातून नाहीशा झालेल्या दागिन्यांची किंमत द्यावी, असा हुकूम म्हैसूरच्या एका प्रकरणात १९७७ साली झाला. मात्र तो फौजदारी संहितेच्या आधारे. १९९४ च्या नागेंद्र राव खटल्यात जप्त खत व धान्य नासल्याबद्दल आंध्र प्रदेश सरकारला जबाबदार धरताना न्यायालयाने जुन्या भेदावर कठोर टीका केली, पण कायदा व सुव्यवस्था राखणे हे कार्य राज्याच्या मूलभूत कार्यांतच ठेवले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई व न्या. विश्वनाथन यांनी बेकायदा घरे पाडणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने भरपाई द्यावी, असे बजावले. येथे जबाबदारी अधिकाऱ्याच्या खिशावर आली. मीरतचा हेड कॉन्स्टेबल पळाला तसा अधिकारी पळाला, तर काय, हे शिल्लक उरतेच.

१९९३ च्या भूकंपानंतर सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून गावे नव्याने वसविली. घर पडले याचा दोष सरकारचा नव्हता, तरी घर मिळाले. ते धोरण होते, हक्क नव्हे.

अभ्यासकांपुढील काम वेगळेच आहे. निजामी अमलात कोतवालीविरुद्ध रयतेने केलेल्या अर्जांचे काय होत असे, हे निकालपत्रांतून कळणार नाही. हैदराबाद येथील अभिलेखागारातील निजामी दप्तर फारसी व उर्दूत आहे, आणि शिकस्ता लिपी वाचणारे मराठी विद्यार्थी आज विरळा. तीनशेव्या कलमातील 'तत्स्थानी' या शब्दाचा सास्तूरपुरता अर्थ त्या रुमालांत शोधावा लागेल.