डेंटनचा कौल
टेक्सासमधील डेंटन हे शहर बार्नेट शेल या वायुधारी खडकाच्या थरावर वसलेले असल्याने तेथे घरांलगतच विहिरी खोदल्या गेल्या आणि फ्रॅकिंग, म्हणजे पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने खडकात सोडून त्यात अडकलेला वायू मोकळा करण्याची पद्धत, नागरी वस्तीत शिरली. गोंगाट व प्रदूषणाने त्रासलेल्या रहिवाशांनी सह्या गोळा करून हा प्रश्न मतपेटीपर्यंत नेला आणि ४ नोव्हेंबर २०१४ रोजी सुमारे ५९ टक्के मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. तेलउद्योगाच्या माहेरघरी हे घडावे, ही असाधारणच गोष्ट होती. मात्र मे २०१५ मध्ये राज्याने अशी बंदी घालण्याचा शहरांचा अधिकारच काढून घेतला, आणि जूनमध्ये नगरपरिषदेने ती बंदी रद्द केली.