पाण्यातलं पांघरूण

कोमट पाण्यात उतरताना अंगावर काय असावं, या प्रश्नाचं आपल्याकडचं परंपरागत उत्तर 'पंचा' असं आहे. आंघोळ घरच्या मोरीतली असो की नरसोबाच्या वाडीच्या घाटावरची, पंचा पुरतो. त्यामुळे सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या समुद्रात बुडी मारायला काही माणसं रबराचा कोट चढवतात आणि तो तीन मिलिमीटरचा घ्यावा की पाच, यावर तासन्‌तास भांडतात, हे ऐकलं की सामान्य मराठी माणूस 'पैसा जास्त झालाय लेकाच्यांना' असा निकाल देऊन मोकळा होतो. पण या मिलिमीटरांच्या मागे चांगला रीतसर इतिहास आहे, आणि त्यात अणुबाँबपासून फ्रीजपर्यंत सगळं येतं.

आधी हिशेब समजून घेऊ. तो मला जास्त जमतो. माणसाच्या अंगातली उष्णता ही खात्यावरची शिल्लक धरा : ३७ अंश. ही ३५ च्या खाली गेली की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आम्ही म्हणतो, मिनिमम बॅलन्स मोडला. आता हवासुद्धा या खात्यातून पैसे काढतच असते, पण पाणी उष्णता वाहून नेतं ते हवेच्या सुमारे २५ पट. अठ्ठावीस अंशांची खोली म्हणजे पंखा लावायची वेळ. अठ्ठावीस अंशांचा समुद्र म्हणजे नऊ अंशांची सततची उचल. पहिल्या बुडीला काही वाटत नाही. तिसऱ्या बुडीला दात वाजू लागतात, श्वास भराभर होतो, टाकीतली हवा लवकर संपते आणि बधिर बोटांना पट्ट्याचं बक्कल सापडत नाही. ते चाळीस-पन्नास फुटांखाली सापडू नये, ही काही गमतीची गोष्ट नाही.

पूर्वी या दुखण्यावर एकच औषध ठाऊक होतं : पाणी अंगाला लागूच द्यायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आणि ब्रिटनच्या पाणबुड्या सैनिकांनी आत लोकरीचे कपडे आणि वर अखंड रबरी पोशाख घातले. हे आपल्या रेनकोटासारखं झालं. रेनकोट पाऊस अडवतो तो पहिलं भोक पडेपर्यंत. मग पाणी आत येतं आणि लोकर ते सगळं पिऊन घेते.

अमेरिकेतल्या बर्कलीचे पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१ च्या सुमारास या समजुतीलाच हात घातला. हे गृहस्थ युद्धकाळात लॉस अलामोसला अणुबाँबच्या कामावर होते. म्हणजे जगाला भाजून काढण्याची तजवीज झाल्यावर ऊब देण्याकडे वळले. त्यांचं म्हणणं असं, की गरम राहण्यासाठी कोरडं राहावंच लागतं असं नाही. ऊब राखतात ते पांघरुणात कोंडलेले हवेचे किंवा वायूचे कण. ते पांघरुणात पक्के कोंडलेले असले, की त्वचेला थोडं पाणी लागलं तरी बिघडत नाही. विलर्ड बॅस्कम यांनी त्यांना फेसाळ निओप्रीन सुचवलं. निओप्रीन हे ड्यूपाँट कंपनीत १९३० साली तयार झालेलं कृत्रिम रबर. त्याचा फेस करून थिजवला की आत असंख्य बुडबुडे राहतात, आणि प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र. स्पंज म्हणजे चाळ : सगळी दारं उघडी, एका खोलीत आलेलं पाणी शेवटच्या बिऱ्हाडापर्यंत जातं. फेसाळ निओप्रीन म्हणजे ब्लॉक सिस्टिम. शेजाऱ्याकडे पूर आला तरी आपलं दार बंद.

ब्रॅडनरना यातून द्रव्यलाभ झाला नाही. पेटंट हाती लागलं नाही आणि मित्रांच्या साथीनं काढलेली छोटी कंपनीही चालली नाही. धंदा केला तो दुसऱ्यांनी. जॅक ओ'नील यांनी १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं. दक्षिणेकडे रेडाँडो बीचवर मायस्ट्रेल या जुळ्या भावांनी पुढच्याच वर्षी अंगाला हातमोज्यासारखा बसणारा सूट बाजारात आणला. फ्रीजच्या मागे उष्णता अडवायला लावलेलं निओप्रीन पाहून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. विद्वान शोध लावतो आणि दुकानदार पावती फाडतो, हा वाणिज्य शाखेचा पहिला धडा कॅलिफोर्नियातही लागू पडतो. त्या जुन्या सुटांना आतून अस्तर नसे, त्यामुळे टाल्कम पावडर फासल्याशिवाय ते अंगात शिरत नसत. हे माझ्या मते शूरांचंच काम.

ते पाणी थंड, म्हणून अमेरिकन सूट पाव इंचाचे, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास. माणसं उष्ण समुद्रांकडे वळली आणि प्रश्न उलटा झाला : कमीत कमी किती? इथे रॉबर्ट बॉइल आडवा येतो. त्यानं १६६२ साली मांडलेला नियम आपण सगळ्यांनी शाळेत पाठ करून विसरलेला असतो. दहा मीटर खाली दाब दुप्पट, तीस मीटरवर चौपट. बुडबुडे त्याच प्रमाणात आक्रसून निम्मे आणि पाव होतात. म्हणजे दुकानात पूर्ण जाडीचे पैसे मोजायचे आणि खाली गेल्यावर पांघरूण पातळ! वर आलं की ते पुन्हा फुगतं, पण वर्षानुवर्षांच्या वापरानं कायमचं चेपतं, आणि मग लेबलावर तीन लिहिलेलं असूनही आत दोनच उरतात.

मग सरळ सात मिलिमीटरचा का घेऊ नये? तर तो बुचासारखा तरंगतो. बुडण्यासाठी कमरेला शिसं बांधा. खाली गेल्यावर सूट चेपला की तेच शिसं जड होतं. वर बोटीवर ऊन मी म्हणत असतं आणि आतला माणूस प्रेशर कुकरमध्ये असतो.

जाडी शून्य असली तर काय होतं, हेही कोरियानं दाखवून ठेवलं आहे. जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे श्वास रोखून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका, १९७० च्या दशकापर्यंत सुती कपड्यांत हिवाळ्यातही समुद्रात उतरत. संशोधकांनी तपासलं, तर हिवाळ्यात त्यांचं शरीर बसल्याजागीही जास्त उष्णता तयार करत होतं. पुढे रबरी सूट आले, तासन्‌तास काम करता येऊ लागलं, कमाई वाढली. आणि काही वर्षांतच ती जादा उष्णता बंद झाली. शरीरानं ओव्हरटाइम थांबवला.

आता आपल्या मालवण-तारकर्लीकडे येऊ. सत्तावीस अंशांच्या वर पाणी असलं तर तीन मिलिमीटर, तोही आखूड बाह्यांचा चालतो. चोवीसच्या आसपास अंगभर तीन, त्याखाली पाच. शिवाय तो अंगाला घट्ट हवा. ढगळ सुटात पाणी आतबाहेर खेळतं आणि मिलिमीटर वाया जातात. पण हा कोष्टकाचा भाग झाला. कोष्टकात वेळेचा रकाना नसतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहून आलेला पर्यटक उथळ पाण्यात उतरतो, माशांबरोबर अंगठा वर करून फोटो काढतो आणि थोड्या वेळात बोटीवर येऊन वडापाव शोधतो. त्याला पातळात पातळ सूट पुरतो. जाडी लागते ती त्याचा हात धरून सकाळपासून पाचव्यांदा खाली निघालेल्या मालवणी पोराला.