सुप्त वर्ग आणि उत्तरायुष्य

वाङ्मयेतिहास लिहिताना आपण लेखकांचे गट पाडतो, एखाद्याला 'वास्तववादी' म्हणतो आणि त्याच्या पुढील लेखनाचा उलगडा त्या नावावरून करू लागतो. गट आपणच अंदाजाने पाडला होता, याचा तोवर विसर पडलेला असतो. हीच विस्मृती संख्याशास्त्रात कशी शिरली आणि तिचे परिमार्जन कसे झाले, हा इतिहास वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

व्हिएन्नात गणित शिकून पुढे अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आलेले पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५० साली सुप्त वर्गांची कल्पना मांडली. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या मनोवृत्तींच्या पाहणीवर जी ग्रंथमाला निघाली, तिच्या चौथ्या खंडात ही मांडणी आहे. समजा, एक मासिक वाचणारे लोक बहुधा दुसरेही वाचतात. शिक्षणानुसार गट पाडताच हा संबंध नाहीसा झाला, तर त्याचे मूळ शिक्षणात होते असे म्हणता येते. पण ते मूळ नोंदलेलेच नसेल तर? उत्तरांच्या जुळणीवरूनच असे न दिसणारे गट शोधावेत, ही लाझार्सफेल्ड यांची दृष्टी. तिला व्यवहार्य गणनपद्धती मिळाली ती १९७४ साली, लिओ गुडमन यांच्याकडून.

गट सापडले की पुढचा प्रश्न अटळ असतो: या माणसांचे पुढे काय होते? टेरी मॉफिट यांनी १९९३ साली असे प्रतिपादन केले की, काही मुलांचे समाजविघातक वर्तन पौगंडावस्थेपुरते असते, तर काहींचे आयुष्यभर टिकते. असे गट मोजमापातून शोधायचे, तर कोणते मूल कोणत्या गटातले हे केवळ संभाव्यतेनेच सांगता येते.

रूढ रीत तीन पायऱ्यांची होती. प्रथम वर्ग शोधायचे, मग प्रत्येकाला सर्वांत संभाव्य वर्गात बसवायचे आणि शेवटी वर्गांच्या फलितांची तुलना करायची. दुसऱ्या पायरीवर 'बहुधा'चे 'नक्की' होते. त्याची किंमत एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. दोन समान वर्गांत पुढे बेकार राहणाऱ्यांचे खरे प्रमाण ६० आणि २० टक्के आहे. पण प्रत्येक वर्गातील २० टक्के माणसे चुकून दुसऱ्या वर्गात गेली. आता प्रमाण दिसेल ५२ आणि २८ टक्के. चाळीसचे अंतर चोवीसवर आले.

बोल्क, क्रोन आणि हाखेनार्स यांनी २००४ साली ही घट गणिताने सिद्ध केली आणि उपायही सुचवला. चुकीचे प्रमाण पहिल्या पायरीवरूनच अजमावता येते. ते ठाऊक असेल, तर ५२ आणि २८ वरून ६० आणि २० पर्यंत परत जाता येते. येरून व्हर्मुंट यांनी २०१० साली या उपायात सुधारणा केल्या. वर्ग एकमेकांत फारच मिसळलेले असतील, तर मात्र ही दुरुस्तीही डळमळते.

मग वर्ग आणि फलित एकाच वेळी का मोजू नयेत? तसेही करता येते. पण मग फलितच वर्गाची व्याख्या करू लागते. बालपणाचा गट ठरवताना पुढची बेकारीही साक्षीला येते. म्हणून बाक आणि कुहा यांनी २०१८ साली दोन पायऱ्यांची रीत मांडली: आधी वर्गांचे मोजमाप ठरवून स्थिर करावे, मग ते न हलवता फलिताशी नाते शोधावे. कोणालाही एका वर्गात कायमचे बसवावे लागत नाही.

हे दोन्ही दोष आमच्या ओळखीचे आहेत. लेखकाला एकदा एका प्रवाहात बसवले की त्याच्यातील संमिश्रता आम्हांला दिसेनाशी होते. आणि त्याची कीर्ती ठाऊक झाली की त्याच्या बालपणातही आम्ही तिच्या खुणा शोधू लागतो. वर्गीकरण टाळता येणार नाही. मात्र ते किती खात्रीने केले, हे शेवटच्या निष्कर्षापर्यंत सोबत नेता येते. संख्याशास्त्राला ही शिस्त अंगी बाणवण्यास अर्धशतक लागले; आम्ही ती अद्याप शिकतो आहोत.