जॉर्जियन व इलोकानो : भाषासाम्य, भाषानातें आणि लिपि

काकेशस पर्वताच्या दक्षिणेस, काळ्या समुद्राच्या पूर्वतीरावर जॉर्जिया देश आहे. तेथील रहिवासी त्यास साकार्तवेलो म्हणतात. फिलिपाइन्स द्वीपसमूहांतील लुझॉन बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर इलोकोस प्रांत आहे. या दोन प्रदेशांच्या भाषा शेजारीं मांडण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न वाचक साहजिकच करतील. त्यास उत्तर असें कीं, जेथें नात्याचा संभव नाहीं तेथेंच साम्याचें खरें मोल कळतें. आणि दोहोंत जो मोठा भेद दिसतो, त्याचें कारण व्याकरणांत नसून इतिहासांत आहे.

प्रथम नात्याचा विचार करूं. जॉर्जियन भाषा मिंग्रेलियन, लाझ व स्वान या भाषांसह कार्त्वेली कुलांत मोडते. या कुलाचा दुसऱ्या कोणत्याहि कुलाशीं संबंध अद्याप सिद्ध झालेला नाहीं. इलोकानो ही मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुलांतील भाषा. तींत डोळ्यास ‘माता’ व पांचास ‘लिमा’ म्हणतात; मलायींतहि हेच शब्द आहेत. मालागासींत पांचास ‘दिमी’ म्हणतात, व तेथें इकारापूर्वींच्या लकाराचा दकार होतो तो एका शब्दापुरता नव्हे, तर नियमानें होतो. असा नियमबद्ध ध्वनिविकार हाच नात्याचा पुरावा होय.

उलट, नुसतें कानास लागणारें साम्य फसवें असतें. इलोकानोंतील ‘दुआ’ म्हणजे दोन. हा शब्द ऐकून संस्कृत ‘द्वि’ आठवतो. पण तो मलायींतहि असून त्याचें मूळ ऑस्ट्रोनेशियनच आहे. इलोकानोंत बापास ‘आमा’ म्हणतात, जॉर्जियनांत ‘मामा’. ही बालवाणीची किमया, वंशाची खूण नव्हे. उसनवारीचे शब्द हा तिसरा प्रकार. इलोकानोंत चेहऱ्यास ‘रूपा’ म्हणतात तो संस्कृत ‘रूप’ होय, आणि जॉर्जियन ‘शाकारि’ म्हणजे साखर, हा फारसीच्या द्वारें गेलेला आपला ‘शर्करा’ शब्द होय. हे शब्द व्यापाराची व संस्कृतीची वाट दाखवितात; कुल दाखवीत नाहींत.

नातें नसतां रचनेंत साम्य असूं शकतें, याचें उदाहरण या दोन भाषांचें क्रियापद. ‘मी तुला पाहतों’ हें जॉर्जियनांत ‘ग्खेदव’ या एकाच शब्दानें सांगतात, व ‘तूं मला पाहतोस’ हें ‘म्खेदव’ या शब्दानें. इलोकानोंत हेच अर्थ अनुक्रमें ‘माकिताका’ व ‘माकितानाक’ या शब्दांनीं व्यक्त होतात. पाहणारा व पाहिला जाणारा हे दोघेहि क्रियापदांतच सामावले आहेत. मात्र जॉर्जियनांत त्यांची खूण आरंभीं येते, इलोकानोंत शेवटीं. मराठी वाचकास आणखी एक गोष्ट परिचित वाटेल. आपण ‘मनुष्य पाहतो’ परंतु ‘मनुष्यानें पाहिलें’ असें म्हणतों. जॉर्जियनांतहि वर्तमानकाळचा ‘कात्सि’ (मनुष्य) भूतकाळीं ‘कात्स्मा’ असा होतो. एवढ्यावरून मराठीचें मूळ काकेशसांत शोधूं जाणें व्यर्थ होय.

परंतु अशीं विधानें गंभीरपणें झालीं आहेत. कुताइसी येथें १८६५ सालीं जन्मलेले निकोलाय मार यांनीं जॉर्जियनच्या उत्तम अभ्यासापासून आरंभ केला, आणि शेवटीं जगांतील सर्व भाषा ‘साल, बेर, योन, रोश’ या चार अवयवांपासून निघाल्या असें प्रतिपादिलें. या मतास सोव्हिएत राजवटींत राजमान्यता मिळाली. १९५० सालीं अर्नोल्द चिकोबावा या जॉर्जियन पंडितानेंच त्याचें खंडन केलें व पाठोपाठ स्टालिननें तें त्याज्य ठरविलें. सत्तेच्या आश्रयानें वाढलेलें मत सत्तेच्या शब्दानें गेलें. नियम सोडून साम्यामागें लागण्याचें फळ याहून निराळें नसतें.

आतां भेदाकडे वळूं. जॉर्जियन लिपि इ. स. च्या पांचव्या शतकापासून चालत आलेली आहे. बोल्निसी येथील सिओनी मंदिराचा शिलालेख त्याच शतकाच्या अखेरचा. शुशानिक राणीच्या हौतात्म्याची कथाहि त्याच शतकांतली. अक्षरांचें वळण पुढें दोनदां बदललें, परंतु परंपरा तुटली नाहीं.

इलोकोसांत स्पॅनिश लोक १५७२ सालीं आले, तेव्हां तेथेंहि लेखनकला होती. बायबायिन नांवाची ती लिपि आपल्या बाराखडीसारखी. प्रत्येक व्यंजनांत अकार गृहीत, वर किंवा खालीं खूण करून स्वर बदलावयाचा. मात्र हलन्ताचें चिन्ह तींत नव्हतें, म्हणून अन्त्य व्यंजन लिहितां येत नसे. ‘दानुम’ (पाणी) हा शब्द ‘दानु’ एवढाच लिहिला जाई. फ्रान्सिस्को लोपेझ या ऑगस्टिनियन पाद्र्यानें मनिला येथें १६२१ सालीं इलोकानो धर्मतत्त्वांचें पुस्तक छापविलें, त्यांत अक्षराखालीं क्रुसाकार खूण योजून ही उणीव भरून काढली. तरीहि पुढें ती लिपि व्यवहारांतून नाहींशी झाली.

याच सुमारास जॉर्जियनहि प्रथम मुद्रित झाली, आणि त्या कथेचा एक धागा गोव्यास पोंचतो. काखेतीची राणी केतेवान हिचा शाह अब्बासनें १६२४ सालीं शिराझ येथें वध करविला. तिच्या अस्थींचा कांहीं भाग ऑगस्टिनियन पाद्र्यांनीं जुन्या गोव्यांतील आपल्या मठांत आणला. तेथें सांपडलेला अवशेष भारत सरकारनें २०२१ सालीं जॉर्जियास अर्पण केला. तिचा पुत्र राजा तेइमुराझ याचा वकील निकोलोझ चोलोकाश्विली याच्या साह्यानें १६२९ सालीं रोम येथें जॉर्जियन-इटालियन कोश निघाला, व त्यासाठीं जॉर्जियन अक्षरांचे खिळे पाडावे लागले. पाद्री स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें, हें येथें ध्यानांत यावें. ज्या भाषेमागें राजा व स्वतंत्र धर्मपीठ उभें होतें तिच्यासाठीं छापखाना तिच्या लिपीकडे गेला. इतर भाषांना छापखान्याच्या लिपीकडे जावें लागलें.

लोक निरक्षर होते म्हणून इलोकानो लिपि गेली, असें म्हणतां येत नाहीं. लुझॉनमधील बहुतेक स्त्रीपुरुष लिहूं जाणतात, असें अंतोनिओ दे मोर्गानें १६०९ सालीं लिहून ठेविलें आहे. उलट जॉर्जियांत साक्षरताप्रसारासाठीं १८७९ सालीं स्वतंत्र संस्था काढावी लागली. परंतु तेथें मठ, राजदरबार व ग्रंथसंग्रह होते. इलोकोसांत वेळूवर कोरलेला मजकूर जपणारें दप्तर नव्हतें. परिणाम असा कीं, जॉर्जियाचा पांचव्या शतकाचा इतिहास त्याच्याच शब्दांत वाचतां येतो, आणि इलोकोसांतील लाम-आंगचें वीरकाव्य इसाबेलो दे लोस रेयेस यांनीं १८९० च्या सुमारास प्रसिद्ध केलें तेव्हां कोठें ग्रंथरूप झालें. १५७२ पूर्वींचा इलोकोस आपल्यास परक्याच्या लेखणींतूनच दिसतो.

लिपि गेली तरी भाषा गेली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १९३४ सालीं निघालेल्या ‘बान्नावाग’ नियतकालिकानें इलोकानो वाङ्मयास आधार दिला, आणि ला युनियन प्रांतानें २०१२ सालीं तिला राजभाषेचा दर्जा दिला. जॉर्जियन राजभाषेचें कलम वगळण्याचा घाट पडला तेव्हां १४ एप्रिल १९७८ रोजीं त्बिलिसींत लोक रस्त्यावर उतरले व तें कलम राहिलें. भाषा बोलणाऱ्यांच्या मुखांत जगते; परंतु तिची साक्ष दप्तरांत जगते. ज्या समाजाचें दप्तर राहिलें नाहीं, त्याच्याविषयीं दुसऱ्यांनीं लिहिलेलें तितकेंच हातीं उरतें.